‘हृदय स्वतःच बीपीशी लढतं, गोळ्या सोडा’: या निरोपात खरं किती आणि घातक किती

व्हॉट्सॲपवरच्या घरच्या गटांमधून एक लांबलचक निरोप फिरतो आहे. त्याचा सारांश असा: हृदय हा नुसता पंप नाही, ती ग्रंथीही आहे. ती एएनपी आणि बीएनपी नावाची पेप्टाइड हार्मोन्स सोडते. ही हार्मोन्स रक्तवाहिन्या सैल करतात, जादा मीठ लघवीवाटे बाहेर काढतात आणि बीपीमुळे होणारं हृदयाचं नुकसान रोखतात. बीपीच्या गोळ्यांनी ही हार्मोन्स दबतात. तेव्हा गोळ्या बंद करा, सकाळी उठल्या उठल्या दीड लिटर पाणी प्या म्हणजे हृदय ताणलं जाऊन हार्मोन सुटेल, जोडीला पेप्टाइड पावडर घ्या, आणि सहा महिन्यांनी बीएनपी तपासा. आकडा वाढला की समजा हृदयाला कवच मिळालं. शेवटी नेहमीची ओळ: औषध कंपन्यांनी हे तुमच्यापासून लपवून ठेवलं.

यातली पहिली तीन वाक्यं बरोबर आहेत. म्हणूनच हा निरोप शिकलेल्या माणसांनाही पटतो, आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा आहे. खऱ्या विज्ञानाच्या पाठीवर बसून तो ‘गोळ्या बंद करा’पर्यंत पोचतो. एकेक मुद्दा घेऊ.

‘हृदय हार्मोन सोडतं आणि ते हृदयाला वाचवतं’

हे खरं आहे, आणि निरोपात सांगितलंय त्याहून कितीतरी सुरस आहे.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे कर्णिकांच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की केंद्रकाजवळ गर्द, गोल दाणे दिसतात. ब्रूनो किश यांनी ते १९५६ मध्ये गिनीपिगच्या हृदयात पाहिले. असे दाणे ग्रंथींच्या पेशींत असतात. स्नायूत त्यांचं काय काम, हे कोणाला उलगडेना. त्याच वर्षी दुसरीकडे असंही दिसलं होतं की कुत्र्याच्या डाव्या कर्णिकेत फुगा फुगवला की त्याची लघवी वाढते. हे धागे जुळायला पंचवीस वर्षं गेली. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात अडोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या कर्णिकांचा अर्क काढून दुसऱ्या उंदराला शिरेतून दिला. लघवीतलं सोडियम तीस पटींहून जास्त वाढलं, लघवी दहा पट झाली, बीपी उतरलं. खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे जवनिकांच्या अर्काने असं काही झालं नाही. हा शोधनिबंध १९८१ चा.

त्या अर्कातला पदार्थ म्हणजे एएनपी. २८ अमिनो आम्लांची साखळी, त्यातल्या १७ आम्लांचं कडं गंधकाच्या बंधाने जोडलेलं. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड, बीएनपी, सापडलं; माणसातलं ते ३२ आम्लांचं. त्याच्या नावातला ‘बी’ म्हणजे ब्रेन, मेंदू. पण माणसात ते प्रामुख्याने हृदयाच्या जवनिकांमध्येच बनतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

ही हार्मोन्स सुटतात ती भिंत ताणली गेल्यावर. एएनपी आधी लांब, निष्क्रिय साखळीच्या रूपात बनतं आणि पेशीच्या पृष्ठभागावरचं कोरिन नावाचं एन्झाइम तिचा कामाचा तुकडा कापून मोकळा करतं. तो तुकडा रक्तवाहिनीच्या, किडनीच्या किंवा हृदयाच्याच पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतो, पेशीत सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि पुढची कामं सुरू होतात. रक्तवाहिनी सैलावते. किडनी सोडियम सोडते. मीठ धरून ठेवायला लावणारी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन खाली येतात. हृदयात स्नायूपेशींची वाढ आवरली जाते आणि तंतुपेशी कोलॅजन, म्हणजे भिंत कडक करणारं तंतूंचं प्रथिन, कमी घालतात.

यातला शेवटचा परिणाम नुसता बीपी उतरल्यामुळे होतो, की हार्मोन हृदयावर थेट काम करतं? याचं उत्तर जनुक काढून टाकलेल्या उंदरांनी दिलं. एका प्रयोगात हा रिसेप्टर फक्त हृदयाच्या स्नायूपेशींतून काढला. त्या उंदरांचं बीपी नेहमीपेक्षा थोडं कमीच होतं, तरी हृदय जाड झालं. दुसऱ्या प्रयोगात बीएनपीच बनत नसलेल्या उंदरांचं बीपी नॉर्मल, हृदयाचा आकार नॉर्मल, पण जवनिकेच्या भिंतीत कोलॅजनचे चट्टे. म्हणजे संरक्षण दाबापलीकडचंही आहे. माणसांतही एएनपीच्या जनुकात काही छोटे बदल आढळतात. ज्यांच्यात त्यामुळे एएनपी थोडं जास्त बनतं त्यांचं बीपी सरासरीने थोडं कमी असतं.

‘मग बीपीचं हृदय बघून घेईल’

इथून निरोप घसरतो. हृदयाचं हे संरक्षण तासातासाच्या चढउतारासाठी उत्तम आहे. वर्षानुवर्षं चढत्या दाबापुढे ते पुरं पडत नाही, आणि त्याची कारणं ठाऊक आहेत.

पहिलं कारण भौतिकशास्त्राचं. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. वरचं बीपी १२० चं १८० झालं की ताण दीडपट. हा ताण पूर्ववत करायला हृदयाकडे एकच उपाय असतो: भिंत जाड करणं. त्रिज्या तीच धरली तर १० मिलिमीटरची भिंत १५ ची व्हावी लागेल. आता गंमत पाहा. बीएनपी सुटतं ते ताणावर. भिंत जाड झाली, ताण उतरला, की हार्मोनचा इशाराही मंदावतो. हृदय जाड होत राहतं, आत कोलॅजन साचतं, भिंत कडक होते, आणि हार्मोनची पातळी फारशी हलत नाही. बीपीच्या सुरुवातीच्या टप्प्यात ही पातळी अपेक्षेइतकी वाढत नाही असं मोजण्यांतही दिसलं आहे. ज्या काळात कवच सर्वात जास्त हवं, नेमकं तेव्हाच ते तोकडं असतं.

दुसरं कारण वजनाचं. लठ्ठ माणसाच्या रक्तात ही हार्मोन्स कमी असतात. बीपी आणि वाढलेलं पोट आपल्याकडे किती घरांत जोडीने नांदतं ते सांगायला नको. वजन उतरलं की पातळी वर येते; हार्मोनला हातभार लावायचा असेल तर त्याचा खरा रस्ता हा आहे.

तिसरं, हृदय थकल्यावर जे बीएनपी रक्तात दिसतं त्यातलं बरंचसं न कापलेली, पूर्ण लांबीची साखळी असते. तपासणी तिलाही मोजते, पण तिची ताकद अगदी थोडी. शिवाय रिसेप्टरही मंद प्रतिसाद देऊ लागतात. आकडा मोठा, काम लहान.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक साधा पुरावा उरतो. ८० वर्षांवरच्या ३,८४५ बीपीच्या रुग्णांची हायव्हेट नावाची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना इंडापामाइड आणि लागेल तसं पेरिंडोप्रिल, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषधाच्या गटात हार्ट फेल्युअर (हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू न शकणं) ६४ टक्क्यांनी कमी झालं. दुसऱ्या गटातल्या लोकांची हृदयंही एएनपी आणि बीएनपी बनवतच होती. ती पुरली नाहीत.

‘गोळ्या हार्मोन दाबतात’

बीपीच्या गोळ्या नियमित घेतल्यावर बीएनपी बहुधा उतरतं, हे निरीक्षण बरोबर. कारण उलटं लावलं आहे. दाब उतरतो, भिंतीवरचा ताण उतरतो, म्हणून हार्मोनची गरज कमी होते. ताप उतरल्यावर घाम थांबला तर गोळीने घाम ‘दाबला’ असं आपण म्हणत नाही. बीटा ब्लॉकर गटातल्या (अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल) गोळ्यांनी तर या हार्मोन्सची पातळी काही वेळा थोडी वाढते. एकाच दाव्यात सगळ्या गोळ्या कोंबल्या की असं होतं.

मुळात टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या एएनपीच्याच बाजूने काम करतात. एएनपी ज्याच्याशी झगडतं त्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन-दोन या हार्मोनला त्या अडवतात. याचा पुरावा लाइफ या २००२ च्या चाचणीत आहे. ईसीजीवर हृदय जाड झाल्याची खूण असलेले ९,१९३ रुग्ण. काहींना लोसार्टन, काहींना अटेनोलॉल. दोन्हीकडे बीपी जवळपास सारखंच उतरलं. तरी लोसार्टनच्या गटात हृदयाची जाडी जास्त कमी झाली आणि पक्षाघात सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. दाबापलीकडचं संरक्षण गोळीनेही मिळतं ते असं.

‘पेप्टाइड म्हणजे संरक्षक’

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, एवढंच. तो रासायनिक प्रकार झाला, गुण नव्हे. बीपीने हृदय बिघडवणाऱ्या मुख्य गुन्हेगारांपैकी दोन पेप्टाइड हार्मोन्सच आहेत. अँजिओटेन्सिन-दोन ८ आम्लांचं: यकृतातून आलेल्या लांब प्रथिनाचा १० आम्लांचा तुकडा किडनीचं रेनिन कापतं, त्यातली दोन आम्लं एसीई नावाचं एन्झाइम कापतं, आणि जे उरतं ते रक्तवाहिन्या आवळतं, मीठ धरून ठेवायला लावतं, हृदयात कोलॅजन वाढवतं. दुसरं एंडोथेलिन-एक, २१ आम्लांचं, रक्तवाहिन्या आवळण्यात त्याहून जबर.

‘पेप्टाइड पावडर घ्या’

बाजारात ‘पेप्टाइड’ म्हणून जे डबे मिळतात ते बहुतेक कोलॅजन किंवा दुधातल्या प्रथिनाचे बारीक केलेले तुकडे. त्यात एएनपीही नसतं आणि बीएनपीही नसतं. आणि असतं तरी उपयोग शून्य. जठरातलं पेप्सिन आणि लहान आतड्यातलं ट्रिप्सिन यांचं कामच अशा साखळ्या तोडण्याचं. २८ आम्लांची, कड्याची रचना असलेली साखळी पोटातून अखंड रक्तात जात नाही. दोन-तीन आम्लांचे तुकडे जातात. दुधातल्या अशा काही तुकड्यांनी बीपी किंचित उतरल्याच्या नोंदीही आहेत. पण ते अन्न झालं, हृदयाचं हार्मोन नव्हे.

या अडचणीचा इतिहास औषधांच्या खोक्यातच आहे. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात एसीईला रोखणारी पेप्टाइड्स सापडली. त्यांतलं नऊ आम्लांचं टेप्रोटाइड शिरेतून दिलं की माणसाचं बीपी उतरायचं. तोंडावाटे दिलं की काहीच नाही. म्हणून त्याच्या टोकाचा आकार डोळ्यांसमोर ठेवून, पचनात न तुटणारा छोटा रेणू बनवावा लागला: कॅप्टोप्रिल. त्याला अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली, दे बोल्ड यांच्या शोधनिबंधाच्याच वर्षी. आज गावोगावच्या दुकानात मिळणारं रॅमिप्रिल आणि एनालाप्रिल ही त्याचीच पुढची पिढी.

पेप्टाइड हार्मोन गोळीतून देणं अगदी अशक्य नाही, पण किती खटाटोप लागतो ते सेमाग्लुटाइडच्या गोळीत दिसतं. जीएलपी-एक या आतड्याच्या हार्मोनची ती सुधारित नक्कल. शोषण घडवून आणणारं वेगळं रसायन गोळीत घालावं लागतं. सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. एवढं करून रक्तात पोचतो तो डोसाचा साधारण एक टक्का. (हे औषध हृदयाला खरोखर वाचवतं. सिलेक्ट या २०२३ च्या चाचणीत हृदयविकार असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या १७,६०४ जणांत सेमाग्लुटाइडच्या साप्ताहिक इंजेक्शनाने हृदयमृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. पण हे तोलून-मापून बनवलेलं औषध आहे, डब्यातली चमचाभर पावडर नव्हे.)

‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेल्या पेप्टाइडच्या कुप्या इंटरनेटवरून मागवून टोचून घेणारेही आता आहेत. तसल्या कुपीत काय आहे, किती आहे आणि ती निर्जंतुक आहे का, यातलं काहीच कोणी तपासलेलं नसतं. त्या घेऊ नका.

‘सकाळी दीड लिटर पाणी प्या, हृदय ताणलं जाईल’

कर्णिका ताणल्या की एएनपी सुटतं आणि लघवी होते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. विहिरीत किंवा तलावात गळ्यापर्यंत उतरलं की थोड्या वेळात लघवीला लागतं. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे सरकतं, कर्णिका भरतात, एएनपी वाढतं आणि पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी होतं. अचानक नाडी १८० ला जाऊन धडधड सुरू होणाऱ्या रुग्णांनाही झटक्याच्या वेळी किंवा नंतर भरपूर, पाण्यासारखी लघवी होते, ती याच कारणाने.

प्यायलेलं पाणी मात्र असं वागत नाही. ते शरीरभरच्या पेशींत पसरतं. दीड लिटरमधलं रक्तात टिकतं ते जेमतेम सव्वाशे मिलिलिटर. निरोगी किडनी दोन-तीन तासांत ते बाहेर टाकते. कर्णिका त्यात ताणायच्या कुठल्या? आणि हार्ट फेल्युअर असेल तर एकदम ढोसलेलं पाणी पायांवर सूज आणि फुप्फुसात पाणी आणू शकतं. क्लोर्थॅलिडोन किंवा इंडापामाइड ही लघवी वाढवणारी औषधं घेणाऱ्या वयस्क माणसाच्या रक्तातलं सोडियम रोजच्या अशा पाण्याने इतकं उतरू शकतं की गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो. घरच्यांना वाटतं वयामुळे.

कर्णिका खरोखर ताणतं ते मीठ. मीठ जास्त खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि एएनपी वाढतंही. म्हणून कोणी ‘हृदयासाठी लोणचं खा’ म्हणणार नाही. हार्मोन वाढवणं हे ध्येयच चुकीचं आहे. त्याच्यावरचं ओझं कमी करायचं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे सपाट लहान चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, सुकट, ब्रेड सगळं आलं. कमी सोडियमचं मीठ आणणार असाल तर त्यात पोटॅशियम असतं हे ध्यानात घ्या. किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

‘बीएनपी वाढलं म्हणजे कवच मिळालं’

अख्ख्या निरोपातलं सर्वात घातक वाक्य हे. बीएनपीचा वाढलेला आकडा म्हणजे हृदयाची भिंत ताणाखाली आहे. दम लागलेला माणूस इमर्जन्सीत आला की बीएनपी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली किंवा एनटी-प्रोबीएनपी (बीएनपी कापलं जाताना सुटणारा दुसरा तुकडा) ३०० च्या खाली असेल तर दमाचं कारण हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता फार कमी. ओपीडीत, हळूहळू वाढलेल्या तक्रारींसाठी, या रेषा ३५ आणि १२५ अशा खाली येतात. एनटी-प्रोबीएनपी वयाप्रमाणेही वाचतात: अचानक दम लागलेल्या माणसात पन्नाशीच्या आत ४५० च्या वर, ५० ते ७५ मध्ये ९०० च्या वर आणि पंचाहत्तरीपुढे १,८०० च्या वर गेलं की हार्ट फेल्युअर संभवतं.

निरोपावर विसंबून गोळ्या सोडणाऱ्याचं सहा महिन्यांनी बीएनपी वाढलेलं असेलही. तो त्याला यश समजेल. प्रत्यक्षात ती बिघाडाची पहिली लेखी सूचना असेल.

आकडा फसवतो तो दोन्हीकडे. किडनी अधू असेल, वय जास्त असेल, एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांची अनियमित थरथर) असेल तर हृदयाच्या मानाने तो जास्त दिसतो. लठ्ठपणात कमी दिसतो. आणि वर सांगितल्याप्रमाणे जाड, कडक झालेल्या हृदयात तो नॉर्मलही असू शकतो. बीपीने हृदयाचं काय केलं हे पाहायला ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो. इकोच्या रिपोर्टवर डाव्या जवनिकेच्या वस्तुमानाचा निर्देशांक दिला असेल तर पुरुषात ११५ आणि स्त्रीत ९५ ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या वर म्हणजे हृदय जाड झालं. डावी कर्णिका मोठी झाली आहे का तेही वाचा. तिच्यात वर्षांचा हिशेब साठलेला असतो.

‘कंपन्यांनी हे लपवलं’

उलट चाळीस वर्षं औषध कंपन्या या हार्मोनच्या मागे लागल्या आहेत आणि त्यात त्यांनी पैसे आणि नाव दोन्ही गमावलं आहे. माणसातलं एएनपी कार्पेरिटाइड या नावाने जपानमध्ये १९९५ पासून शिरेतून देतात. बीएनपीची हुबेहूब प्रत, नेसिरिटाइड, अमेरिकेत २००१ मध्ये बाजारात आली. मग ७,१४१ रुग्णांची चाचणी झाली, २०११ मध्ये निकाल आला: ३० दिवसांतले मृत्यू आणि पुन्हा भरती होणं यांत फरक नाही, बीपी धोकादायक उतरण्याचं प्रमाण मात्र १५.३ वरून २६.६ टक्क्यांवर. ‘हृदयाचं नैसर्गिक हार्मोन’ थेट शिरेत देऊनही असं झालं, मग पावडरीची काय कथा.

दुसरी वाट अशी की हार्मोन बाहेरून न देता त्याला तोडणारं एन्झाइम अडवायचं. त्या एन्झाइमचं नाव नेप्रिलायसिन. एएनपीचं रक्तातलं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) दोन-तीन मिनिटांचं, बीएनपीचं साधारण वीस, ते वाढवायचं. कँडोक्सॅट्रिल या औषधाने एकटं नेप्रिलायसिन अडवून पाहिलं. पण हे एन्झाइम अँजिओटेन्सिन-दोनलाही तोडतं. ते अडलं की एकीकडे एएनपी वाढलं आणि दुसरीकडे अँजिओटेन्सिनही, आणि बीपी काही नीट उतरेना. मग ओमापॅट्रिलॅट आलं, नेप्रिलायसिन आणि एसीई दोन्ही एकदम अडवणारं. २५,३०२ रुग्णांच्या चाचणीत बीपी एनालाप्रिलपेक्षा चांगलं उतरलं. पण ब्रॅडिकायनिन नावाचं आणखी एक पेप्टाइड या दोन्ही एन्झाइमांनी तुटतं. दोन्ही दारं बंद झाल्यावर ते साचलं आणि ओठ, जीभ, घसा सुजण्याचं प्रमाण एनालाप्रिलच्या ०.६८ टक्क्यावरून २.१७ टक्क्यांवर गेलं. घसा सुजला तर श्वास अडतो. औषध बाजारात आलंच नाही.

यातून शिकून जमलेली जोडी म्हणजे सॅक्युबिट्रिल आणि वलसार्टन, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘आर्नी’. सॅक्युबिट्रिल नेप्रिलायसिन अडवतं आणि साचणाऱ्या अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर वलसार्टन बंद करतं. एसीई मोकळं राहतं, म्हणून ब्रॅडिकायनिन तुटत राहतं. २०१४ च्या पॅराडाइम चाचणीत, हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या रुग्णांत, हृदयमृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं एनालाप्रिलवर २६.५ टक्के होतं ते २१.८ झालं. बीपीच्या रुग्णांतही काम झालं आहे: ११४ जणांच्या अभ्यासात वर्षभरानंतर हृदयाचं वस्तुमान ओल्मेसार्टनपेक्षा जास्त उतरलं, बीपीतला फरक हिशेबात धरूनही. जपान आणि चीनमध्ये २०२१ पासून ते बीपीसाठीही मान्य आहे. अमेरिका-युरोपात हार्ट फेल्युअरसाठी. पेप्टाइड हार्मोनने हृदय वाचवण्याची कल्पना आज इथपर्यंत आली आहे, आणि ती गोळीच आहे.

ही गोळी घरात चालू असेल तर चुका नेहमीच्या जागीच होतात. खोक्यावरचे ५०, १०० आणि २०० म्हणजे २४+२६, ४९+५१ आणि ९७+१०३ मिलिग्रॅम; दिवसातून दोनदा; डोस साधारण दोन ते चार आठवड्यांनी दुप्पट करत नेतात. आधी रॅमिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल, लिसिनोप्रिल यांपैकी काही चालू असेल तर मध्ये ३६ तासांचं अंतर हवंच. सोमवारी रात्री ९ ला शेवटची रॅमिप्रिल घेतली तर आर्नी बुधवारी सकाळी ९ च्या आधी नाही. जुनी पट्टी घरातून काढून टाका; डब्यात दोन्ही राहिल्या की ओमापॅट्रिलॅटचीच पुनरावृत्ती. टेल्मिसार्टन किंवा ओल्मेसार्टन चालू असेल तर ३६ तास थांबायची गरज नाही, पण ती गोळी बंद करावी लागते, कारण तिचं काम करणारं वलसार्टन आत आहेच. टेल्मिसार्टन अम्लोडिपिनबरोबर एकाच गोळीत असेल तर हे हमखास नजरेतून सुटतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन एक-दोन आठवड्यांत तपासा. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. आणि आर्नीवर असताना तपासायचं ते एनटी-प्रोबीएनपी. बीएनपी औषधामुळेच वाढलेलं दिसू शकतं, कारण नेप्रिलायसिन त्याला तोडतं, एनटी-प्रोबीएनपीला नाही.

ज्यांनी गोळ्या सोडल्याच आहेत

बीपी परत चढायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि चढताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ‘बंद करून महिना झाला, ठणठणीत आहे’ याला म्हणून अर्थ नाही. मोजा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, कफ उघड्या दंडावर. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्यावर असेल तर बीपी ताब्यात नाही. मोजमाप लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि काय, कधी आणि का सोडलं ते स्पष्ट सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. न सांगितल्यास डॉक्टर जुनी गोळी अपुरी पडली असं समजून आणखी एक वाढवतील.

गोळी एकाहून जास्त आठवडे बंद असेल तर जुना डोस परस्पर सुरू करण्याआधी फोन करून विचारा. राहिलेला डोस भरून काढायला दुप्पट गोळ्या घेऊ नका. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक सोडलं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी विचारा: पहिल्या दोन्हींनी छातीत दुखणं उसळून येऊ शकतं, क्लोनिडिनने बीपी एकदम वर जातं. खर्चामुळे सोडलं असेल तर भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोर्थॅलिडोन यांवर उपचार मुख्यतः बेतलेले आहेत, आणि पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा.

वरचं १८० किंवा खालचं १२० च्या पुढे असेल आणि जोडीला छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं, बोलण्यात अडखळणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, अंधारी येणं किंवा भ्रम यांपैकी काहीही असेल, तर १०८ ला फोन करा आणि रुग्णाला बसवूनच न्या, आडवं करू नका. लुळेपणा किंवा बेशुद्धी असेल तर मात्र कुशीवर झोपवा. वाटेत जिभेखाली कोणतीही बीपीची गोळी ठेवू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो.